सेंद्रिय दूध: जादा पैसे नेमके कशाचे?

प्रश्न: सहा वर्षांच्या मुलीसाठी आम्ही गाईचं सेंद्रिय दूध दुप्पट दराने घेतो. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त असतं, असं विकणारे सांगतात. खरं का? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: नाही. ते जनावरावर ठरतं. १०० ग्रॅम दुधात प्रथिनं गाईच्या सव्वातीन ग्रॅमच्या आसपास, म्हशीच्या साडेतीनच्या वर. कॅल्शियम दोन्हींत साधारण १२० मिलिग्रॅम. वैरण सेंद्रिय केल्यानं हे आकडे फारसे हलत नाहीत. ऊसतोडीच्या हंगामात नुसते वाढे (उसाचे शेंडे) खाणाऱ्या म्हशीचं कॅल्शियम वाढ्यांतल्या ऑक्झॅलेट या कॅल्शियम बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे अडतं, तरी ती हाडांतून काढून दुधात घालते. झीज होते ती तिची.

फरक दिसतो स्निग्धांशात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकारानं २०१६ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सेंद्रिय दुधात ओमेगा-३ हे उपयोगी स्निग्धाम्ल सुमारे ५६ टक्के जास्त भरलं. आयोडीन आणि सेलेनियम मात्र कमी. हे घडतं चरण्यामुळे. युरोपातल्या नियमांत सेंद्रिय गाईंना कुरणात चारावं लागतं. आपल्याकडे सेंद्रिय शाळवाचा (रब्बी ज्वारीचा) वाळला कडबा खाणाऱ्या गाईपेक्षा रोज ओली मका आणि लसूणघास खाणाऱ्या साध्या गाईच्या दुधात ओमेगा-३ जास्त निघेल. म्हणून आधी विचारा, गोठ्यात हिरवी वैरण रोज किती पडते?

बरं, हे ५६ टक्के तरी कशाचे? २०० मिलिलिटर दुधामागे जादा मिळतात जेमतेम ३०-४० मिलिग्रॅम. जवसाच्या चटणीचा एक चमचा अर्ध्या ग्रॅमहून जास्त देतो! साय काढून दूध देत असाल, तर बरंचसं ओमेगा-३ सायीबरोबरच गेलं. आयोडीनचं म्हणाल, तर घरात आयोडीनयुक्त मीठ असलं की पुरे. पैसे मोजायचेच तर कीटकनाशकं आणि जनावरांच्या औषधांवरच्या निर्बंधांसाठी मोजा, तेही ‘जैविक भारत’ हे प्रमाणित सेंद्रिय मालाचं चिन्ह बघून.

प्रश्न: कोल्हापुरात गंगावेशीत कट्ट्यावर समोर धार काढलेलं दूध तापवलं की सत्त्व जातं का? – एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर: बी-१, बी-१२ आणि फोलेट ही जीवनसत्त्वं थोडी घटतात, प्रथिनं, कॅल्शियम राहतं. न तापवता पिऊ नका. ब्रुसेला आणि क्षयाचे जंतू निरोगी दिसणाऱ्या म्हशीच्या दुधातही असू शकतात. उकळी आली की ढवळत दोन-तीन मिनिटं ठेवा. मात्र बुरशी आलेल्या सरकी पेंडीतून दुधात उतरणारं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष उकळून जात नाही, पेंड सेंद्रिय असली तरी.