लाजाळूची ‘पुडिका’ आणि तापट माणूस

प्रश्न : लाजाळूचं शास्त्रीय नाव ‘मिमोसा पुडिका’. मैत्रिणीने ‘पुडिकस’ लिहिलं तर सरांनी खोडलं. का? (विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : पुदीकुस, पुदीका, पुदीकुम. आपलं शहाणा, शहाणी, शहाणं तसंच हे. मिमोसा लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून पुदीका. (लॅटिनमध्ये ट-ड नाहीत, ‘पुडिका’ हा इंग्रजीच्या वाटेने आलेला उच्चार. जोर ‘दी’वर द्यावा.) मूळ क्रियापद ‘पुदेरे’, म्हणजे लाज वाटणे. पण रोमन माणूस पुदीका म्हणे ती शीलवान, शालीन बाईला. नुसत्या बुजऱ्यासाठी त्याच्याकडे ‘तिमिदुस’ होता.

सगळीच विशेषणं अशी तीन रूपं घेत नाहीत. अंगणातला पारिजातक घ्या: ‘निक्टॅन्थिस आर्बर-ट्रिस्टिस’. रात्री फुलतो, उजाडता उजाडता सडा पडतो आणि दिवसभर झाड ओकंबोकं, म्हणून ‘उदास झाड’. त्रिस्तिस पुल्लिंगी-स्त्रीलिंगी दोन्हींना चालतं, नपुंसकलिंगी तेवढं त्रिस्ते. इथे ते जुळतं ‘आर्बोर’शी (म्हणजे झाडाशी), निक्टॅन्थिसशी नाही. ही जोडी मिळून एकच नाम आहे. मधली जोडरेघ गाळली की नाव चुकलं.

तेरड्याचं ‘इम्पेशन्स’ म्हणजे उतावळा. ‘पातिएन्स’ म्हणजे सोसणारा, त्याआधी नकाराचा ‘इन्’. प पुढे आला म्हणून न् चा म् झाला. पिकल्या बोंडाला बोट लावून बघा, टचकन फुटून बिया उडतात. हे विशेषण तिन्ही लिंगांत एकच, आपल्या ‘तापट’सारखं.

लॅटिन शब्दकोशात शब्दापुढे दिलेली शेपटी वाचायची सवय लावा. ‘-आ, -उम’ असेल तर तीन रूपं, ‘-ए’ असेल तर दोन. ‘-एन्तिस’ दिसलं तर ते स्त्रीलिंगी रूप समजू नका. ते षष्ठीचं रूप आहे आणि घोटाळा बहुतेक इथेच होतो. तिन्ही नावं स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या 1753 च्या ग्रंथातली आहेत.

प्रश्न : तापट माणसाला लॅटिनमध्ये ‘इरातुस’ म्हणावं का? (वाचक, बीड)

उत्तर : नाही. दोन्ही शब्द ‘इरा’ म्हणजे रागातून आलेले, पण इरातुस म्हणजे आत्ता रागावलेला आणि इराकुन्दुस म्हणजे मुळातच तापट. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोनेही हा फरक केला आहे. वर्षातून एकदा भडकणारा त्या दिवसापुरता इरातुस. चहात साखर कमी पडली म्हणून रोज कप आपटणारा इराकुन्दुस, अगदी झोपेत असला तरी.