जीनच्या दोन कॉप्या दिसल्या की लगेच डुप्लिकेशन लिहू नकोस
अरे, खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतातल्या) कोरगूट या भाताच्या मुळांवरून बॅक्टेरियाचा स्ट्रेन (वाण) काढलास हे फार छान केलंस, खाऱ्या मातीत तग धरणारे बॅक्टेरिया आपल्या गोव्यात हाताशीच आहेत. पण तुला त्यात एका जीनच्या दोन कॉप्या दिसल्या म्हणून ते डुप्लिकेशनच, म्हणजे त्याच बॅक्टेरियात जीनची दुप्पट झालेली कॉपी, असं नसतं हं, बॅक्टेरियात बऱ्याचदा दुसरी कॉपी भलत्याच जातीकडून आलेली असते, त्यामुळे आधी फायलोजेनेटिक ट्री, म्हणजे जीनची वंशावळ, काढ, दोन्ही कॉप्या त्यात शेजारीशेजारी बसतात का बघ, जीनच्या बाजूला ट्रान्सपोझेस (डीएनएचे तुकडे इकडून तिकडे हलवणाऱ्या एन्झाइमचा जीन) आहे का, जीसी टक्का (डीएनएतल्या जी आणि सी अक्षरांचं प्रमाण) बाकी जीनोमपेक्षा वेगळा पडतो का, तेही बघ. आणि नुसत्या शॉर्ट रीड्सवर (डीएनए वाचलेल्या छोट्या तुकड्यांवर) विसंबू नको, हुबेहूब कॉप्या असेंब्लीत (तुकडे जोडताना) एकच होऊन बसतात, लाँग रीड्स (लांब तुकडे) घेच. वाचायला रायझोबियम एटली या बॅक्टेरियापासून सुरुवात कर, त्यात नायट्रोजन स्थिरीकरणाच्या निफ-एच जीनच्या 3 कॉप्या आहेत.