पाय आधी जातात
(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : १९७५ सालची मनिलाची मुहम्मद अली-जो फ्रेझर बॉक्सिंग लढत परवा मोबाइलवर पहिल्यांदाच पूर्ण पाहिली आणि वेडा झालो. मामा (वय ७१) म्हणतात, "त्यात काय पाहायचं? दोघंही तोवर उतरलेले होते. खरी लढत त्यांचीच, ७१ची." अली तेव्हा ३३चा, फ्रेझर ३१चा. हे काय उतरायचं वय आहे? तलावपाळीला तीन फेऱ्या होईस्तोवर आम्ही भांडत होतो. हरेल त्याने मामलेदारची मिसळ द्यायची ठरलंय. निकाल द्या.
– एक वाचक, कोपरी

उत्तर : आधी मामांना माझा नमस्कार सांगा. त्यांची नजर पक्की आहे. दोघंही उतरलेले होते.

फ्रेझरचं वय काय विचारता, गाडी किती किलोमीटर पळलीय ते विचारा. खाली वाकून, डोकं डोलवत समोरच्याच्या छातीत घुसायचं ही त्याची पद्धत. तिथवर पोचून एक डावा हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने ठोसा, मारायचा तर वाटेत दोन-तीन खावे लागतात. असा माणूस तिशीतच म्हातारा होतो. १९७३मध्ये जॉर्ज फोरमनने त्याला दोन राऊंडांत सहा वेळा पाडलं होतं, तेव्हाच कळायला हवं होतं.

अलीची गोष्ट निराळी. सैन्यात जायला नकार दिला म्हणून त्याचा बॉक्सिंगचा परवाना काढून घेतला. १९६७च्या मार्चनंतर तो रिंगमध्ये उतरला तो थेट १९७०च्या ऑक्टोबरमध्ये. पंचविशी ते अठ्ठाविशी, म्हणजे मुष्टियोद्ध्याच्या दुधावरची साय, ती कोर्टकचेऱ्यांत गेली. परत आला तो जास्त हुशार होऊन आला, पण ते नाचरे पाय काही सगळे परत आले नाहीत.

उतरणं म्हणजे काय, हे मी नाकावर शिकलोय. वागळे इस्टेटमध्ये फिटर होतो, कारखान्यांच्या स्पर्धेत कंपनीकडून खेळायचो. तेहतिसाव्या वर्षी एका विशीतल्या पोरासमोर उभा राहिलो. त्याचा उजवा हात निघाला तो मला स्वच्छ दिसला. कुठे बसणार तेही कळलं. मी मागे सरलो, म्हणजे मनाने सरलो. पाय जागेवरच होते. नाक तेव्हापासून जरा डावीकडे बघतं. कबड्डीवाल्यांना विचारा, तेही हेच सांगतील: चढाई कुठे करायची हे कळत असतं, पण शेवटची उडी अर्धा फूट कमी पडते.

आता मनिला. १९७१च्या न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या लढतीपेक्षा दोघांचंही वजन चार-साडेचार किलोंनी वाढलेलं. त्यात अमेरिकेतल्या टीव्हीसाठी लढत ठेवली सकाळी दहाला, आणि छताखाली नुसता उकाडा. (आपल्याकडे तेव्हा साडेसात वाजले होते. मी पहिल्या पाळीत कानस मारत होतो. लढत पाहिली ती कित्येक वर्षांनी, शेजाऱ्यांच्या व्हीसीआरवर.) १९६६चा अली असता तर फ्रेझरला तो इतका वेळ सापडलाच नसता, जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे झटपट सरळ ठोसे, मारून गोल फिरत राहिला असता. पण पळायला पाय नाहीत म्हटल्यावर अली दोरांना टेकला आणि मधले राऊंड फ्रेझरने त्याच्या बरगड्या झोडून काढल्या. तिकडे फ्रेझरचं डोकंही पूर्वीसारखं डोलत नव्हतं, म्हणून शेवटी शेवटी अलीचे उजवे त्याला सरळ बसायला लागले. तेराव्या राऊंडला फ्रेझरचं दातांवरचं गमशील्ड थेट प्रेक्षकांत उडालं. फ्रेझरला डाव्या डोळ्याने फार आधीपासून धड दिसत नव्हतं, हे त्याने लपवलं होतं. उजवा सुजून मिटला, म्हणजे उरला तो अधू डोळा, आणि अलीचा उजवा येणार तोही त्याच बाजूने. चौदाव्यानंतर प्रशिक्षक एडी फुचने त्याला स्टुलावरून उठू दिलं नाही. फ्रेझर नको नको म्हणत होता. मी प्रशिक्षक म्हणून आजवर जेवढे कॉर्नर सांभाळले त्यात एवढं कठीण काम मला कधी करावं लागलं नाही.

तर दोघंही उतरलेले होते म्हणूनच ती लढत तशी झाली. कोणालाच निसटता येत नव्हतं. ७१ची देखणी, हे मान्य. पंधराव्या राऊंडला फ्रेझरने अलीला पाडलं तो डावा हूक मी मुलांना अजून दाखवतो. पण मनिलासारखी ती अंगावर येत नाही.

मात्र उतार दोघांचाही सारखा हवा. एकच उतरलेला असेल तर काय होतं ते पाहायचं असेल तर १९८०ची लॅरी होम्स-अली पाहा. किंवा नकाच पाहू. अली ३८चा, होम्स कधीकाळी त्याचाच स्पारिंग पार्टनर, म्हणजे सरावाच्या लढतीतला जोडीदार. दहा राऊंड मार खाल्ला, मग अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने थांबवलं. मी एकदाच पाहिली, तीही अर्धी.

पाय आधी जातात, ठोसा मात्र टिकतो. १९९४मध्ये ४५ वर्षांचा फोरमन २६ वर्षांच्या मायकल मूररसमोर तिन्ही पंचांकडे गुणांत मागे होता. दहाव्या राऊंडला एक उजवा, खेळ खलास. अंगात चड्डी तीच लाल, वीस वर्षांपूर्वी आफ्रिकेत किन्शासात अलीकडून हरताना घातलेली.

निकाल : मामांनी रोग बरोबर ओळखला, औषध चुकलं. मिसळ मामांची, ताक तुमचं.

प्रश्न : माइक टायसन आणि यूट्यूबवाल्या जेक पॉलची २०२४ची लढत बघायला सकाळी ऑफिसला दांडी मारली. टायसन उतरलेला होता असं म्हणता येईल का?
– एक वाचक, वाशी

उत्तर : दांडीचं कारण साहेबांना काय सांगितलंत? पॉल २७चा, टायसन ५८चा. हातमोजे नेहमीपेक्षा जाड, राऊंड दोन-दोन मिनिटांचे, तेही आठच, आणि तरी टायसनचे मोजून १८ ठोसे लागले. यात वाद घालण्यासारखं काही नाही. १९८८मध्ये हाच टायसन २१ वर्षांचा असताना त्याने ३८ वर्षांच्या होम्सला चौथ्या राऊंडला झोपवलं होतं. होय, तोच होम्स, अलीला मारलेला. सुट्टी घेऊन तीच पाहायची होतीत.

प्रश्न : माझं वय ४६. ऐरोलीत घराजवळ बॉक्सिंगचा क्लास निघालाय. लेक म्हणते, "आई, गुडघे सांभाळ." जाऊ का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : जा. मेरी कोमने २०१८मध्ये दिल्लीत सहावं जागतिक सुवर्ण घेतलं तेव्हा तिनेही पस्तिशी गाठली होती. अर्थात त्यामागे अठरा वर्षांची मेहनत होती, हेही लेकीला सांगून ठेवा. दोरीच्या उड्या कमी, शॅडो (हवेत ठोसे मारायचा सराव) जास्त. स्पारिंगला कोणी कितीही आग्रह केला तरी नाही म्हणा. मनगटाला पट्टी बांधायला शिकवल्याशिवाय जो बॅगला हात लावू देत नाही, त्याच्याकडेच फी भरा.