वाचकांचे प्रश्न : कानाचं भोक वाढवताना

लहानपणी सोनाराकडून कान टोचले होते, त्यात अजून बारीक बाळी आहे. आता मला ८ मिलिमीटरचा टनेल (पोकळ नळीसारखा दागिना) घालायचा आहे. कुठून सुरुवात करू आणि किती दिवस लागतील? (वाचक, पुणे)

दिवसांचं आधी सांगतो : सुमारे वीस महिने. त्याआधी ८ मिलिमीटर गाठणारे बरेच असतात, पण त्यांच्या पाळीच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं की घाईची खूण लागते.

सोनाराच्या तारेने केलेलं भोक साधारण ०.८ ते १ मिलिमीटरचं असतं. तेवढ्यापासून पायऱ्या अशा ठेवा : १.२, १.६, २, २.५, ३, ४, ५, ६, ७, ८. दुकानात हे माप ‘गेज’च्या आकड्यांत सांगतात, त्यात आकडा जितका लहान तितकं माप मोठं, आणि फसगत तिथेच होते. २ नंबर कुणाकडे ६ मिमीचा असतो, कुणाकडे ६.५ चा. ० नंबर ८ मिमीचा, म्हणजे २ वरून ० वर जाणं ही दिसायला एक पायरी असली तरी पाळीवर एकदम दीड-दोन मिलिमीटरचा ताण असतो. ७ मिमीला गेजमध्ये सर्वमान्य आकडा नाही. म्हणून नंबर विचारू नका, मिलिमीटर विचारा. शक्य असेल तर व्हर्नियर कॅलिपरने दांडी स्वतः मोजून घ्या. ‘५ मिमी’ म्हणून विकलेला प्लग (भोकात बसणारी भरीव दांडी) मोजल्यावर ५.४ भरला, तर तुमचं सगळं गणित चुकतं.

३ मिमीपर्यंत प्रत्येक पायरीवर किमान सहा आठवडे थांबा. पुढचा प्लग हातात आला म्हणून पाळी तयार झाली असं होत नाही. तयार झाल्याची खूण ही : घातलेला प्लग सैल पडतो, पाळी हलकेच खाली ओढली तर प्लगच्या वर बारीक फट दिसते आणि तेल लावल्यावर पुढचं माप जवळजवळ आपोआप आत सरकतं. ही खूण दिसत नसेल तर सहा आठवड्यांचे दहा होऊ द्या.

३ वरून ४ वर जाताना टेफ्लॉन टेप कामाला येते. नळजोडणीची पांढरी, चिकट नसलेली, साधारण ०.०७५ मिमी जाडीची. ती वैद्यकीय वस्तू नाही, म्हणून उघड्या जखमेवर कधीच वापरायची नाही. भरून आलेल्या भोकातल्या काचेच्या गुळगुळीत प्लगवर एक वेढा घट्ट, सुरकुती न पडू देता गुंडाळा. एका वेढ्याने व्यास सुमारे ०.१५ मिमीने वाढतो, म्हणजे एक मिलिमीटरला सहा-सात वेढे. ५ मिमीपर्यंत दर दहा दिवसांनी एक वेढा, म्हणजे एका पायरीला दोन महिने. ५ च्या पुढे पंधरा दिवसांनी एक, म्हणजे तीन महिने. दर वेळी जुनी टेप काढून टाका, प्लग साबणाने धुवा आणि सगळे वेढे नव्याने घाला. जुन्या टेपवरच नवी चढवली की आत मळ आणि वास साठतो.

माप बदलायची वेळ गरम पाण्याच्या आंघोळीनंतरची. पाच मिनिटं जोजोबाच्या किंवा खोबरेल तेलाने पाळी चोळा, प्लगलाही तेल लावा आणि हलक्या हाताने फिरवत सरकवा. ताण जाणवेल, ऊब जाणवेल, तेवढं चालतं. कळ आली, आग झाली की तिथेच थांबा आणि जुनं माप परत घाला. नवा प्लग बसल्यावर आरशासमोर पाळीची कड बघा. ती पांढरी पडली असेल, बोटाने दाबून सोडल्यावर गुलाबी होत नसेल, तर आतलं रक्त दाबलं गेलं आहे. ‘तासाभरात सैल होईल’ म्हणून वाट पाहू नका, लगेच काढा. पाळी पातळ होण्याची सुरुवात बहुतेक वेळा या दुर्लक्षित पांढऱ्या कडेतूनच होते.

अंगावर केलॉइड उठण्याची प्रवृत्ती असेल, म्हणजे जुनी जखम भरून झाल्यावरही तिच्या कडेबाहेर वाढत राहिली असेल, तर या वाटेला जाऊच नका.

ऑनलाइन टेपरचा पूर्ण सेट मिळतो, १.६ ते १० मिमी, सगळा ॲक्रिलिकचा. घ्यावा का? (वाचक, ठाणे)

नको. टेपर म्हणजे एका टोकाला निमुळती काडी. तिचं काम दागिना आत सरकवून देणं एवढंच, ती कानात घालून हिंडायची वस्तू नाही. निमुळतेपणामुळे ‘थोडं आणखी’ ढकलायचा मोह होतो आणि कातडी कुठे फाटते ते कळतही नाही. शिवाय ॲक्रिलिक उकळता येत नाही आणि त्यावर बारीक चरे पडतात. सिलिकॉन कातडीला धरून ठेवतो, ताज्या वाढवलेल्या भोकात त्याने आतली त्वचा ओढली जाते. लाकूड आणि हाड सच्छिद्र असतं, ते पूर्ण बऱ्या झालेल्या कानासाठी ठेवा.

सुरुवातीला बोरोसिलिकेट काच किंवा शरीरात रोपणासाठी वापरतात त्या प्रतीचं टायटॅनियम (एएसटीएम एफ १३६) घ्या. एका बाजूला कड आणि मागे रबराची रिंग असा ‘सिंगल फ्लेअर’ प्लग बघा. दोन्हीकडे कड असलेला प्लग आत जायला भोक त्याच्या मापापेक्षा मोठं लागतं. वजनही बघा : ८ मिमी व्यासाचा आणि ८ मिमी लांबीचा भरीव प्लग काचेचा असेल तर सुमारे ०.९ ग्रॅमचा, स्टीलचा असेल तर ३.२ ग्रॅमचा. वजनाने पाळी लांबते खरी, पण फक्त खालच्या बाजूने, आणि तेच टाळायचं आहे.

५ मिमीचा प्लग घातला आणि चार दिवसांत पाळीच्या मागे ओठासारखी कातडी बाहेर आली. ती लाल आहे आणि दुखते. प्लग तसाच ठेवू का? (वाचक, सांगली)

ठेवू नका, आजच माप उतरवा. याला ‘ब्लोआउट’ म्हणतात. भोकाच्या आतली कातडी ताण सहन न होऊन मागच्या बाजूने बाहेर ढकलली जाते. बहुतेक वेळा कारण असतं मधली पायरी गाळणं, किंवा तेल न लावता पुढून जोराने ढकलणं.

आता ४ मिमीवर या, तेही घट्ट वाटलं तर ३ वर. औषधाच्या दुकानातल्या ०.९ टक्के सलाइनमध्ये भिजवलेला गॉज दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं दोन्ही बाजूंनी धरा. हळद, तूप, तुरटी, अँटिबायोटिक मलम यांपैकी काही लावू नका. मलमाचा जाड थर ओल कोंडून ठेवतो. दुखणं पूर्ण थांबल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, रोज दोनदा तेलाची मालीश सुरू करा. अंगठा मागच्या कडेवर ठेवून कातडी भोकाच्या दिशेने हलके दाबायची. निदान तीन महिने वाढवायचं नाव नको. पुढच्या वेळी प्लग मागून पुढे घाला, म्हणजे ती कड पुन्हा आत ओढली जाते.

लवकर उतरलात तर कड बरीचशी बसते. सहा-आठ महिने तशीच राहून कडक झालेली कड मालीशने जात नाही, ती सर्जनला कापून काढावी लागते. पू येणं, ताप, लाली गालाकडे पसरणं, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

मी आयुर्वेदाचा विद्यार्थी आहे. सुश्रुतसंहितेत दर तिसऱ्या दिवशी जाड वात घालायला सांगितलं आहे. मग तुम्ही सहा आठवडे का सांगता? (वाचक, नाशिक)

तुमचं वाचन बरोबर आहे. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात कान टोचल्यावर कापसाची वात, तेलाचं सिंचन आणि दर तीन दिवसांनी अधिक जाड वात हा क्रम दिला आहे. मात्र ती वात मऊ असते, भोक ताजं असतं आणि वैद्य दर वेळी समोर असतो. तो जखम भरतानाचा क्रम आहे. आपण बोलतोय भरून आलेल्या, आतून कातडीने मढलेल्या भोकाबद्दल आणि काच किंवा धातूच्या कठीण दांडीबद्दल. वात दाबली जाते, काच दाबली जात नाही.

त्याच अध्यायात पुढे काय आहे तेही बघा. दोष आणि उपद्रव गेल्यावरच भोक वाढवण्यासाठी ‘लघु’ वर्धनक वापरावं, असं सांगितलं आहे, म्हणजे हलकं. नंतर वाढवलेली पाळी फाटून दोन तुकडे होतात हे स्पष्ट नोंदवून ती जोडण्याच्या पंधरा रीती दिल्या आहेत. पाळी फाटणं तेव्हाही नेहमीचंच होतं, एवढा अर्थ त्यातून निघतो.

भिकबाळीचं भोक असंच वाढवता येईल का? (वाचक, सातारा)

घरी नाही. भिकबाळी कानाच्या वरच्या भागात, कूर्चेत असते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या आवरणातूनच तिचं पोषण होतं. तिथे जंतुसंसर्ग झाला तर कूर्चा मरते आणि कानाचा आकार कायमचा बिघडतो. पाळी चरबी आणि कातडीची असते म्हणून ताणली जाते. भिकबाळीची तार आहे तेवढीच राहू द्या.

झुमक्यांनी माझ्या कानाची भोकं ओघळून रेघेसारखी लांब झाली आहेत. मुलगी म्हणते प्लग घाल, गोल होतील. (वाचक, कोल्हापूर)

गोल दिसतील, पण खालची पट्टी आणखी पातळ होईल. आधी मोजा : भोकाच्या खालच्या टोकापासून पाळीच्या कडेपर्यंत कातडी किती उरली आहे? ३ मिमी किंवा त्याहून कमी असेल तर लटकतं काहीही घालू नका, प्लगही नको. प्लास्टिक सर्जन किंवा कान-नाक-घसातज्ज्ञ फक्त तेवढी जागा बधिर करून हे भोक बंद करतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. नवीन भोक काही महिन्यांनी, डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि जुन्या व्रणाच्या रेषेवर नाही तर बाजूला पाडून घ्या. तोवर लग्नाकार्याला झुमका घालायचाच असेल तर केसांत अडकवायचे कानवेल लावा. त्यांनी वजन पाळीवरून खरोखर उचललं जातं. फक्त वेल सैल नको, ताणून बसलेला हवा.

प्लग काढल्यावर कानाला कुजकट वास येतो. संसर्ग झाला का? (वाचक, डोंबिवली)

दुखत नसेल, लाली नसेल तर नाही. प्लगवर पांढरट-पिवळसर थर दिसतो तो कातडीचं तेल आणि मेलेल्या पेशी. रोज आंघोळीत प्लग काढून कान आणि प्लग दोन्ही साबणाने धुवा, कोरडं करा, मग घाला. माप नुकतंच वाढवलं असेल तर पहिले सात-आठ दिवस प्लग काढू नका, वरूनच धुवा. ताजं वाढवलेलं भोक काही तासांतही आखडतं आणि मग परत घालताना ओरखडा पडतो.

पुढे नको वाटलं तर भोक पूर्ववत होतं का? (वाचक, अकोला)

ठरलेली सीमारेषा नाही. हळू वाढवलेलं ५-६ मिमीपर्यंतचं भोक प्लग काढल्यावर बहुतेकांचं बरंच आखडतं, पण अगदी पहिल्यासारखं होईलच असं नाही. ८ ते १० मिमीच्या पुढे तर ते धरून चालू नका. तिथून पुढे जायचं असेल तर आधी एकदा प्लग आठवडाभर काढून ठेवा आणि भोक किती मिलिमीटरवर येतं ते मोजा. तुमच्या पाळीबद्दलचं त्याहून खात्रीचं उत्तर दुसरं कुणी देऊ शकणार नाही.