वाचक विचारतात : दोन प्रोसेसरचा संगणक घेताना

प्रश्न : उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमची लहान फाऊंड्री आहे. साच्यात धातू कसा भरतो, कुठे आधी थिजतो हे ओपनफोम या मोफत सिम्युलेशन सॉफ्टवेअरवर तपासायला मुलाने सुरुवात केली आहे. चार कोअरच्या डेस्कटॉपवर एका डिझाइनला रात्र जाते. सत्तर-पंचाहत्तर हजारांच्या वर जाता येणार नाही. दोन प्रोसेसरचे जुने वर्कस्टेशन घ्यावे का? कोणते भाग बघावेत? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : तुमच्या कामासाठी जरूर घ्या. ओपनफोम मेशचे, म्हणजे साच्यावर टाकलेल्या बारीक जाळीचे, तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळ्या कोअरला देते, त्यामुळे दुसरा प्रोसेसर खरोखर राबतो. पण या कामात कोअर मोजण्याआधी मेमरीचा वेग मोजावा लागतो, आणि बहुतेकांचे पैसे इथेच चुकीच्या जागी जातात.

इंटेल झिऑन ई5-2600 मालिकेतल्या व्ही4 पिढीच्या प्रत्येक प्रोसेसरला मेमरीचे चार चॅनेल, म्हणजे माल ये-जा करायचे चार रस्ते, असतात. 2400 वेगाची डीडीआर4 लावली की एका प्रोसेसरला सेकंदाला 76.8 जीबी आणि दोघांना मिळून 153.6 जीबी इतका माल पुरवता येतो. नव्या साध्या डेस्कटॉपवर 5600 ची डीडीआर5 घातली तरी चॅनेल दोनच, म्हणजे 89.6 जीबी. हे कागदावरचे कमाल आकडे आहेत, पण 2016 सालचा प्रोसेसर आजही अशा कामात टिकतो त्याचे कारण हेच. मात्र त्यासाठी रॅमच्या आठ स्टिक लागतात, प्रत्येक प्रोसेसरपाशी चार. 16 जीबीच्या चार स्टिक घेतल्या तरी बेरीज 64 जीबीच होते, पण निम्मे चॅनेल रिकामे राहतात आणि निम्मा वेग जातो. म्हणून 8 जीबीच्या आठ घ्या. त्या ईसीसी रजिस्टर्ड, म्हणजे सर्व्हरच्या आरडीआयएमएम जातीच्या हव्यात. एलआरडीआयएमएम ही सर्व्हर रॅमची दुसरी जात त्यांच्यात मिसळली की मशिन सुरूच होत नाही. घरच्या पीसीची रॅम इथे उपयोगाची नाही.

प्रोसेसर ई5-2680 व्ही4 ची जोडी घ्या. प्रत्येकी 14 कोअर, 120 वॅट. नावातला 26 मधला 2 महत्त्वाचा आहे: 16 ने सुरू होणारे, म्हणजे ई5-1650 सारखे प्रोसेसर एकटेच चालतात, जोडीने नाही. 22 कोअरच्या प्रोसेसरचा मोह टाळा. चॅनेल तेवढेच राहतात, त्यामुळे जादा कोअर मेमरीची वाट बघत बसतात. रन लावताना मेशचे तुकडे कोअरइतकेच, 28 पेक्षा जास्त नकोत. हायपरथ्रेडिंगमुळे एका कोअरचे दोन भासतात आणि 56 धागे (थ्रेड) दिसतात, पण त्यांनी या कामात काही हाती लागत नाही. एकदा 20 आणि 24 तुकड्यांवरही वेळ मोजून पाहा. मेश लहान असेल तर कमी तुकड्यांत काम लवकर उरकते.

सुटे भाग जमवू नका, आख्खे जुने ब्रँडेड वर्कस्टेशन घ्या. एचपी झेड840 किंवा डेल प्रिसिजन टॉवर 7910 या दोन्हींत मेमरीच्या 16 जागा आहेत, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि कूलर जागच्या जागी आहेत. सुटा बोर्ड घेतलात तर तो बहुधा एसएसआय-ईईबी आकाराचा, 12 बाय 13 इंची निघतो आणि साध्या कॅबिनेटमध्ये बसत नाही. एकच प्रोसेसर असलेले मशिन स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. दुसरा प्रोसेसर स्वस्तात मिळेलही, पण त्याचा कूलर त्याच कंपनीचा लागतो, आणि झेड640 मध्ये तर दुसऱ्या प्रोसेसरसाठी वेगळे राइजर कार्ड, म्हणजे वर बसणारा जोडबोर्ड, लागते. मशिन आधीच्या व्ही3 पिढीच्या प्रोसेसरसह येत असेल तर जुन्या प्रोसेसरवरच आधी बायोस (मशिन सुरू करणारे बोर्डावरचे सॉफ्टवेअर) अद्ययावत करायचा आणि मगच व्ही4 बसवायचे. उलट केले की पडदा काळाच राहतो.

या प्रोसेसरांत ग्राफिक्स नसते, म्हणून कार्ड लागतेच. निकाल बघण्यापुरते क्वाड्रो पी400 चालेल. 1 टीबीची साटा एसएसडी घ्या. पैसे कमी पडले तर कार्डात आणि डिस्कमध्ये काटकसर करा, आठ स्टिकमध्ये नको.

आता वीज. फाऊंड्रीत हा भाग प्रोसेसरइतकाच मोलाचा आहे. दोन प्रोसेसर 240 वॅट, बाकी सगळे धरून पूर्ण भारावर 350 ते 400 वॅट. 600 व्हीएचा नेहमीचा यूपीएस जेमतेम 360 वॅट देतो, म्हणजे वीज गेली की तोही जातो. 1500 व्हीएचा, प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे मेन्ससारखी गोलसर लाट देणारा घ्या. वर्कस्टेशनच्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज खेचणे सुधारणारे सर्किट) असते आणि चौकोनी लाट देणाऱ्या स्वस्त यूपीएसवर ते अनेकदा बंद पडते. संगणकाची लाइन फर्नेस आणि वेल्डिंगपासून वेगळी ओढा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात 2-3 व्होल्टच्या वर दिसत असेल तर आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्या. ग्राइंडिंगची धूळ वीज वाहून नेते, ती बोर्डावर बसू देऊ नका. मशिन शॉप फ्लोअरवर नकोच, ऑफिसच्या बंद खोलीत, जमिनीपासून दोन फूट वर ठेवा. दर महिन्याला ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेवा.

विंडोज घालणार असाल तर होम आवृत्ती दुसरा प्रोसेसर वापरतच नाही, प्रो लागते. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 च्या अधिकृत यादीत हे प्रोसेसर नाहीत. ओपनफोमसाठी उबुंटू 24.04 घाला, प्रश्नच मिटतो.

प्रश्न : लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. ई5-2680 व्ही4 च्या जोडीचे 56 थ्रेडचे मशिन स्वस्तात मिळतेय. घेऊ का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : नका घेऊ. टाइमलाइन सरकवणे, इफेक्ट लावणे ही कामे थोड्या पण वेगवान कोअरवर चालतात. ई5-2680 व्ही4 चा एक कोअर जास्तीत जास्त 3.3 गिगाहर्ट्‌झवर जातो. कॅमेऱ्याचे एच.264 आणि एच.265 फुटेज उलगडायला इंटेलच्या साध्या प्रोसेसरांतले क्विक सिंक हे व्हिडिओसाठीचे खास सर्किट फार मदत करते, आणि ते या झिऑनमध्ये नाही. त्याऐवजी ग्राफिक्स असलेला अलीकडचा कोअर आय5, 32 जीबी रॅम आणि एनव्हीएमई एसएसडी घ्या. मॉडेलिंग करणाऱ्या कॅड वापरकर्त्यांनाही हेच सांगणे आहे.

प्रश्न : सुटा बोर्ड आणून दोन प्रोसेसर बसवले. दोन्ही दिसतात, पण आठ स्टिकपैकी सहाच मोजल्या जातात. 64 ऐवजी 48 जीबी. स्टिक खराब की बोर्ड? – एक वाचक, खानापूर

उत्तर : न मोजल्या गेलेल्या दोन स्टिक कोणत्या जागी आहेत हे आधी बायोसमध्ये किंवा लिनक्सच्या डीएमआयडीकोड (dmidecode) आज्ञेने बघा. मग मशिन बंद करा, वायर काढा, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा आणि त्या दोन स्टिक चालणाऱ्या दोन स्टिकशी अदलाबदल करा. दोष स्टिकबरोबर सरकला तर स्टिक बदला. दोष त्याच जागी राहिला तर दोन्ही प्रोसेसरांची अदलाबदल करा. आता दोष दुसऱ्या बाजूला गेला तर प्रोसेसरच्या खालचे सोनेरी ठिपके मळलेले असतील. आयसोप्रोपिल अल्कोहोलने, तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसा. प्रोसेसर बदलूनही दोष जुन्याच जागी राहिला तर बहुधा सॉकेटमधली, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेतली, पिन वाकलेली आहे. 2011 पिना असतात, त्यामुळे नुसते समोरून बघून भागत नाही. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. रांगेतली एखादी पिन वेगळी चमकली की तीच.

एक सोपे कारण मात्र आधी तपासा: कूलरचे स्क्रू. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी आवळली की प्रोसेसर किंचित तिरका दबतो, काही पिना टेकत नाहीत आणि नेमके एक-दोन चॅनेल गळतात. चारही स्क्रू सैल करून तिरके समोरासमोरचे कोपरे घेत दोन-दोन फेरे देत आवळा. खानापूरच्या पावसाळ्यात महिनाभर बंद राहिलेल्या मशिनमध्ये स्टिकचे संपर्कही काळवंडतात. पांढऱ्या खोडरबराने हलके घासून कण झटका. पावसाळ्यात मशिन रोज तासभर तरी चालू ठेवा.

प्रश्न : पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणावे की बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून? कराचा फरक पडतो का? – एक वाचिका, चिकोडी

उत्तर : कराने फरक पडत नाही. पुण्याचे बिल दुसऱ्या राज्यातले, त्यावर 18 टक्के आयजीएसटी येईल, बेंगळुरूच्या बिलावर केंद्राचे 9 अधिक राज्याचे 9. तुमचा जीएसटी नंबर नेहमीच्या नोंदणीचा (कंपोझिशनचा नव्हे) असेल तर दोन्हींचे क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळते. जुन्या मालाचे काही व्यापारी फक्त आपल्या नफ्यावर कर भरतात. त्यांच्या बिलावर कर वेगळा दाखवलेला नसेल तर क्रेडिट नाही, हे भाव ठरवण्याआधी विचारा.

जिथे उभे राहून तासभर मशिन चालवून बघू देतात, तिथून घ्या. सगळ्या कोअरांवर अर्धा तास भार टाका. तापमान 80 अंशांच्या वर गेले तर प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता नेणारी पेस्ट बहुधा वाळलेली आहे. मेमरी तपासणाऱ्या मेमटेस्टची एक पूर्ण फेरी होऊ द्या. सुटे प्रोसेसर घेत असाल तर झाकणावर मॉडेल क्रमांक छापलेला असावा आणि ‘एसआर’ने सुरू होणारा कोड दोन्हींवर एकच असावा. झाकणावर ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असेल तर तो चाचणीचा नमुना आहे, परत द्या. बसने पार्सल पाठवणार असतील तर ग्राफिक्स कार्ड काढून वेगळे बांधायला सांगा. हादऱ्यांनी त्याचा स्लॉट तुटतो. रिकामा सॉकेट असलेला सुटा बोर्ड असेल तर सॉकेटवर प्लास्टिकचे झाकण आहे का, हे पैसे देण्याआधी बघा.