सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात पेशीतले वहन नेमके कुठे बिघडते आणि घाम खारट का होतो?

या आजाराचे मूळ १९८९ मध्ये सापडलेल्या सीएफटीआर जनुकात आहे; त्यापासून पेशीपटलात क्लोराइडची (मिठातल्या एका घटकाची) वाट उघडणारे प्रथिन बनते. सर्वाधिक आढळणाऱ्या दोषात ५०८ व्या स्थानावरचे एकच अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा) गळते, प्रथिनाची घडी चुकते आणि बहुतेक प्रथिन पटलापर्यंत पोहोचण्याआधीच पेशी मोडीत काढते. क्लोराइड अडले की त्यामागून येणारे पाणीही अडते. म्हणून श्वासनलिकांतला कफ चिकट होऊन तिथे जंतू ठाण मांडतात, तर स्वादुपिंडाच्या नलिका तुंबल्याने स्निग्ध पदार्थ पचेनासे होतात. घामाच्या ग्रंथीत मात्र (मला हाच भाग सर्वांत बोलका वाटतो) हीच वाट मीठ परत आत ओढून घेत असते, त्यामुळे ती बंद पडल्यावर बाळाचा पापा घेताना ओठांना खारट चव लागते.