इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलचे सामने भारतात कधी संध्याकाळी, तर कधी मध्यरात्री का असतात?

कारण वेळा टीव्हीसाठी वाटलेल्या असतात. शनिवारी इंग्लंडमध्ये दुपारी साडेबारा, तीन आणि साडेपाच हे ठरलेले स्लॉट. साडेबाराचा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी पाचला लागतो, म्हणजे आशियात प्राइम टाइम. इंग्लंडमधले चाहते मात्र वैतागतात, कारण लांबच्या गावी सामना असेल तर पहाटेच निघावं लागतं.

खरी गंमत तीनच्या सामन्यांची. ते आपण घरबसल्या लाइव्ह बघतो, पण खुद्द ब्रिटनमध्ये ते टीव्हीवर दाखवत नाहीत! शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच फुटबॉलचं थेट प्रक्षेपण तिथे बंद. 1960 च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हा आग्रह धरला होता. मोठा सामना घरी दिसला तर छोट्या क्लबांच्या मैदानावर कोण जाणार, हा त्यांचा मुद्दा. मला तो आजही पटतो.

गुरुवारी युरोपीय स्पर्धेत खेळलेल्या संघाला विश्रांती हवी, म्हणून त्यांचा सामना बहुतेकदा रविवारी. सोमवारी रात्री आठचा सामना आपल्यासाठी सोमवारी मध्यरात्रीनंतर साडेबारा किंवा दीडचा. ऑफिस असेल तर नाद सोडा.

आशियातली संध्याकाळ गाठायला स्पेननेही हेच केलं: डिसेंबर 2017 चा रिआल माद्रिद-बार्सिलोना सामना तिथे दुपारी एकला ठेवला, आपल्याकडे साडेपाच.

आणि हो, ऑक्टोबर आणि मार्चअखेर तिथली घड्याळं तासभर सरकतात. मार्चमधला बदल विसरून मी एकदा टीव्ही लावला, तर मध्यंतर उरकून दुसरा हाफ सुरू होत होता.